कॅसिनोतलं ‘फुकट’ जेवण कितीला पडतं, ते आधी काढा

पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो बोटींवर जेवण, दारू आणि थोड्या चिप्स (खेळात पैशांऐवजी लावायच्या चकत्या) ‘फुकट’ म्हणून मिळतात. खरं तर त्यांचे पैसे प्रवेशाच्या पॅकेजमध्येच घेतलेले असतात. नेहमीच्या गिऱ्हाइकाला पुढे हॉटेलची खोली वगैरे देतात, तीही त्याच्या खेळातून कॅसिनोला किती सुटेल याचा अंदाज बांधूनच. तो हिशेब आपल्यालाही मोबाइलवर करता येतो.

१. एका डावाला लावायची रक्कम, तासातले डाव आणि तास यांचा गुणाकार करा. ५०० रुपये, तासाला ४० डाव, ३ तास: ६०,००० रुपये.

२. त्यातून कॅसिनोचा टक्का, म्हणजे लावलेल्या पैशांतला सरासरी त्याच्याकडे राहणारा वाटा, काढा. रूलेट म्हणजे फिरत्या चाकावरच्या आकड्यांवर पैसे लावायचा खेळ; चाकावर एकच शून्य असेल तर २.७ टक्के, म्हणजे १,६२० रुपये. चाकावर शून्य आणि दुहेरी शून्य असे दोन्ही असतील तर ५.२६ टक्के, म्हणजे ३,१५६ रुपये. त्यामुळे बसण्याआधी चाक नीट बघा!

३. मिळणारी सवलत बाहेर याहून स्वस्त मिळते का, ते पाहा. पणजीत मासळीचं उत्तम ताट याच्या कितीतरी कमी पैशांत मिळतं.

पॅकेजमधल्या चिप्स बहुधा फक्त खेळायला चालतात, त्यांची रोकड मिळत नाही. पैसे भरण्याआधी काउंटरवर हे विचारून घ्या.

एक जपा: वरचा आकडा सरासरीचा आहे, एका रात्रीत याच्या कैकपट जाऊ शकतात. दारू घेतलीत तर त्यानंतर डावाची रक्कम अजिबात वाढवू नका.