टीकिंटरच्या कॅनव्हासवर ग्राफ कसा काढायचा

पायथॉन शिकताय आणि ग्राफ काढायचाय तर एकदा तरी मॅटप्लॉटलिब (ग्राफ काढून देणारी तयार लायब्ररी) बाजूला ठेवून टीकिंटरच्या (पायथॉनमधली खिडक्या-बटणं बनवायची लायब्ररी) कॅनव्हासवर, म्हणजे चित्र काढायच्या कोऱ्या जागेवर, हाताने काढून बघाच, स्केल म्हणजे काय ते तेव्हाच नीट डोक्यात बसतं.

पहिली गोची इथेच होते: कॅनव्हासचा शून्य डावीकडे वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली जाताना वाढतो, शाळेतल्या आलेखवहीच्या बरोब्बर उलटं, त्यामुळे नुसते आकडे टाकले की ग्राफ उलटा येतो.

समजा एक्सचा वर्ग काढायचाय, एक्स -५ ते ५, म्हणजे वाय ० ते २५. कॅनव्हास ६०० बाय ४०० चा घ्या आणि चारी बाजूंनी ४० पिक्सेल सोडा (अक्षांचे आकडे लिहायला जागा लागतेच). उरले ५२० बाय ३२०. आडवं ५२० भागिले १० म्हणजे एका एककाला ५२ पिक्सेल, उभं ३२० भागिले २५ म्हणजे १२.८. आता आडवी जागा = ४० + (एक्स + ५) × ५२ आणि उभी जागा = ३६० − वाय × १२.८. ती वजाबाकीच ग्राफ सुलटा करते.

मग लूपमध्ये सगळे बिंदू एका लिस्टमध्ये भरा आणि क्रिएट_लाइनला (कॅनव्हासवर रेघ काढणारी कमांड) एकदाच द्या, प्रत्येक तुकड्याला वेगळी रेघ नको. ११ बिंदूंत कोपरे दिसतात, १०१ घेतले की वळण छान येतं. क्रिएट_लाइनचा रेघ गोलसर करणारा स्मूथ ऑप्शन मात्र टाळा, त्याने रेघ मधल्या बिंदूंवरून जातच नाही.