स्पितीच्या नाल्यात बाईक घालताय? आधी या चुका टाळा

दर जुलैमध्ये तेच व्हिडिओ, बुलेट नाल्यात आडवी आणि मालक गुडघाभर पाण्यात उभा. वैताग आलाय म्हणून एकदाच लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आभाळ बघून पाण्याचा अंदाज बांधणं. आपण सह्याद्रीतली माणसं, पाऊस पडला की ओढा चढतो आणि उघडीप मिळाली की उतरतो हे डोक्यात पक्कं बसलेलं. मनालीहून स्पितीला जाताना लागणाऱ्या छत्रू ते बातल पट्ट्यात कोरड्या दिवशीचं गणित बरोबर उलटं, कडक ऊन म्हणजे वरचा बर्फ जोरात वितळणार आणि नाला चढणार. रात्री गारठ्याने वितळणं मंदावतं म्हणून पहाटे पाणी सगळ्यात कमी. शिवाय वितळलेलं पाणी खाली पोचायला वेळ लागतो, त्यामुळे बाराला गरीब दिसणारा नाला चारला ओळखू येत नाही.

हे मी शहाणपणाने नाही, मार खाऊन शिकलोय. चंद्रताल तलावाहून सकाळी सहाला निघायचं ठरलेलं, पण एकाला रील करायचं, दुसऱ्याला मॅगी, निघता निघता साडेअकरा. त्यात वाटेत पंक्चर. नाल्याशी पोचलो तेव्हा साडेतीन, ऊन मस्त, आभाळ निळंशार, त्यामुळे आमचा हिरो म्हणाला "काय होतंय, चल". मधोमध दगडावरून चाक सरकलं, गाडी आडवी, आणि बाहेर काढल्या काढल्या साहेबांनी सेल्फ मारला. इंजिनात पाणी असताना हे कधीच करू नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी स्पार्क प्लग काढा, पाणी बाहेर येऊ द्या. आमचा वाकलाच. रात्र ट्रकवाल्यांच्या कृपेने काढली आणि सकाळी सहाला तोच नाला घोट्याएवढा!

माझी सवय सांगतो, नाले असलेल्या दिवशी पाचला किक, चहा पलीकडे जाऊन. लवकर उठवत नसेल तर गोव्याला जा ना भाऊ.

ऑगस्टमध्ये बर्फ संपला म्हणजे पाणी संपलं असंही समजू नका, हंगामी बर्फ गेला की खालचा हिमनदीचा काळपट बर्फ उघडा पडतो, तो ऊन जास्त शोषतो.

पाणी दुधासारखं गढूळ असेल तर तळ दिसत नाही, काठीने खोली बघा. ते प्यायचंही नाही, त्यात हिमनदीने दळलेलं दगडाचं पीठ असतं.

आणि हो, इथल्या चंद्रा आणि भागा या नद्या तांदीला मिळून चंद्रभागा होते ती पुढे चिनाब म्हणून पाकिस्तानात जाते, पंढरपूरला नाही. हसू नका, विचारणारे भेटलेत.

बूट भिजतील म्हणून अनवाणी उतरणाऱ्यांना तर मी हल्ली काही सांगतच नाही.