इंजिन बदलताना ऑइल चेंबर आणि डिपस्टिक कशी जुळवावी

गाडीत दुसरं इंजिन टाकायचं ठरलं की सगळं लक्ष हॉर्सपॉवर, माउंटिंग आणि गिअरबॉक्सकडे जातं; इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारा ऑइल चेंबर आणि तेलाची पातळी दाखवणारी डिपस्टिक मागे पडते. इंजिन चेन-कुप्पीवरून खाली उतरतं, चेंबर क्रॉस मेंबरवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या आडव्या तुळईवर टेकतो, आणि मग गाडीखाली टॉर्च घेऊन शिरावं लागतं. ही वेळ टाळता येते.

उदाहरणादाखल अमेरिकेतली एक नेहमीची अदलाबदल घेऊ: १९६७ ते १९६९ च्या शेवर्ले कॅमेरोमध्ये जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकचं ५.३ लिटरचं व्ही-८ इंजिन. हे एलएस घराण्यातलं इंजिन भंगारवाल्याकडे सहज मिळतं, म्हणून लोकप्रिय. इंजिन वेगळं असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच. भारतात असं काही करणार असाल तर पाना हातात घेण्याआधी आरटीओकडे जा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही.

आधी मापं

ट्रक उंच असतो, त्यामुळे त्याचा चेंबरही खोल असतो. या कॅमेरोत क्रॉस मेंबर पुढे आणि त्याच्या लगेच मागे स्टिअरिंगचा आडवा दांडा. म्हणजे चेंबरचा पुढचा भाग उथळ हवा आणि तेल साठणारा खड्डा दांड्याच्या मागे. ट्रकच्या या इंजिनात खड्डा मागेच असतो, अडचण खोलीची आहे.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून माउंटिंगवर ठेवा. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि प्रत्येक ठिकाणी दांडा व चेंबरमधली फट बघा. रबरी माउंटिंगवर इंजिन हलतं, त्यामुळे मी १० ते १२ मिमीपेक्षा कमी फट मान्य करत नाही. चेंबरचा तळ क्रॉस मेंबरच्या खाली येऊ देऊ नका, नाहीतर पहिला गतिरोधक चेंबरच मोजेल.

कापायचा की बदलायचा

माझं मत स्पष्ट आहे: मिळत असेल तर बदला. १९९८ ते २००२ च्या कॅमेरो आणि फायरबर्डमधल्या एलएस१ इंजिनाचा चेंबर ट्रकच्यापेक्षा उथळ आहे. अशाच कामासाठी हॉलेसारख्या कंपन्या तयार चेंबरही विकतात.

एलएसचा चेंबर पत्र्याचा नसून ॲल्युमिनियमचं ओतकाम आहे आणि गिअरबॉक्सची बेलहाउसिंग (इंजिनाला जोडलं जाणारं पुढचं आवरण) त्यालाही बोल्टने जोडली जाते. म्हणजे तो इंजिनाच्या सांगाड्याचाच भाग. कापून टिग वेल्डिंग करता येतं, पण जुन्या ओतकामात तेल मुरलेलं असतं आणि वेल्डिंग करताना ते फेसाळत वर येतं. करायचंच असेल तर चेंबर एखाद्या रिकाम्या इंजिन ब्लॉकला आवळून मगच वेल्ड करा, म्हणजे वाकणार नाही. नंतर बाहेरून सांध्यावर खडू फासा, आत रॉकेल ओता आणि रात्रभर ठेवा. खडूवर ओला डाग उमटला की गळती तिथेच.

कापताना तेल किती कमी होतं याचाही हिशोब करा. खड्डा २५ बाय २० सेंटिमीटरचा असेल आणि तळ ३ सेंटिमीटर वर घेतला, तर दीड लिटर गेलं. ते बाजूला फुगवटा काढून परत मिळवावं लागतं.

चेंबर एकटा बदलत नाही

चेंबर, स्ट्रेनरचा (पंपासाठी तेल ओढणाऱ्या जाळीचा) पाइप, क्रँकखालचा (इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याखालचा) पत्रा आणि डिपस्टिक हा एकच संच आहे. चेंबर उथळ घेतला आणि स्ट्रेनर ट्रकचाच ठेवला तर तो तळाला चिकटेल आणि पंपाला तेल मिळणार नाही. स्ट्रेनरच्या जाळीवर मऊ माती लावा, पॅकिंगसह चेंबर तात्पुरता बसवून काढा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. ६ ते १० मिमी असायला हवी.

पाइप पंपात जिथे बसतो तिथली ओ-रिंग (रबरी कडी) नवीन, त्याच पाइपसाठीची घ्या आणि तेल लावून सरळ आत ढकला. ती चिमटली तर पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं, आणि बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही. माणसं या नादात अख्खा पंप बदलतात.

बसवताना पुढच्या व मागच्या कव्हरचा ब्लॉकशी जिथे सांधा आहे त्या चार कोपऱ्यांत सिलिकॉन लावा, बाकी पॅकिंग पुरेसं आहे. चेंबरची मागची कड ब्लॉकच्या मागच्या तोंडाशी सपाट हवी. ती ०.१ मिमीपर्यंत आत चालेल, बाहेर अजिबात नाही, कारण बेलहाउसिंग आवळताना चेंबर तडकू शकतो. सरळ पट्टी लावून तपासा. ब्लॉकचे बोल्ट २५ न्यूटन-मीटर, मागच्या कव्हरचे लांब बोल्ट १२.

डिपस्टिक

एलएसच्या डिपस्टिकची नळी चेंबरमध्ये नाही, ब्लॉकच्या उजव्या बाजूला शिरते. त्यामुळे जागा तीच राहते, पण ट्रकच्या डिपस्टिकवरच्या खुणा नव्या चेंबरला लागू पडत नाहीत. त्या चेंबरसोबतची डिपस्टिक आणि नळी मिळाली तर उत्तम. हेडर (एक्झॉस्टचे पाइप) आड येत असतील तर लोकारसारख्या कंपनीची लवचीक नळी घ्या आणि ती एक्झॉस्टपासून दूर बांधा.

खुणा स्वतः करायच्या असतील तर गाडी सपाट जागी उभी करा. एलएस१ च्या चेंबरला फिल्टरसह साधारण ५.२ लिटर तेल लागतं (ट्रकच्याला ५.७). आधी एक लिटर कमी ओता. स्पार्क प्लग काढून, इग्निशन आणि इंधन बंद ठेवून, प्रेशर दिसेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा मारा. या इंजिनाचा पंप क्रँकवरच असल्यामुळे जुन्या व्ही-८ सारखा ड्रिलने फिरवता येत नाही. मग प्लग लावून इंजिन काही मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटं थांबा. डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवा आणि तेलाच्या रेषेवर बारीक कानशीने खाच पाडा: ही खालची खूण. उरलेलं लिटर ओता, तेच पुन्हा करा: ही वरची. वरच्या खुणेपुढे तेल गेलं तर फिरता क्रँक ते घुसळून फेस करतो.

इंजिन पूर्ण तापल्यावर तेलाच्या प्रेशरचा गेज बघा. १००० आरपीएमला किमान ६ पीएसआय, २००० ला १८, ४००० ला २४ हवंच. याहून कमी दिसलं तर लगेच बंद करा आणि चेंबर उतरवून आधी ती ओ-रिंग तपासा.