स्वस्तातल्या वेल्डिंग मशीनवर धंदा होतो, पण आधी वायर बघा

मी वेल्डिंग केलेलं गेटचं दार निखळलं त्या दिवशी माझे गिऱ्हाईक अण्णा यांनी फोनवर एवढंच म्हटलं, "बाळ, जरा येऊन बघून जा." शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

जाऊन बघतो तर बिजागरी दाराला तशीच लटकत होती आणि खांबाच्या चॅनेलवरून माझं वेल्डिंग अख्खंच्या अख्खं सुटून आलं होतं. भाकरीचा पापुद्रा सुटावा तसं. खाली चॅनेलचा मूळचा निळसर-काळा पापडा जागच्या जागी होता, म्हणजे तिथलं लोखंड वितळलंच नव्हतं. मी वर नुसता रॉड ओतून ठेवला होता, ग्राइंडर मारला होता, रेड ऑक्साइड लावला होता आणि पैसे घेऊन आलो होतो. दार पडलं तेव्हा खाली कुणी पोरगं नव्हतं, हे नशीब.

हे लिहायचं कारण असं, की आयटीआयमधून बाहेर पडलेली पोरं मला सारखं विचारतात : पाच-सहा हजारांच्या मशीनवर चांगलं काम होतं का, की थांबून मोठ्या कंपनीचं मशीन घ्यावं? होतं. माझं झालंय. पण मला ते कळायला दीड वर्ष आणि दुसऱ्या मशीनचे पैसे गेले, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वेल्डर ट्रेडचं वर्ष संपल्यावर मी साडेपाच हजारांचं, तोंडावर २०० (म्हणजे अँपिअर) लिहिलेलं इन्व्हर्टर मशीन घेतलं, खांद्याला अडकवता येणारं हलकं वेल्डिंग मशीन. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, ऊस पट्ट्यात. कामं म्हणजे ट्रॉलीची डागडुजी, ग्रील, गेट, गोठ्याचं पत्र्याचं शेड. अण्णांच्या गेटची चौकट मी घरीच, मीटरच्या खाली बसून जोडली. शेतातल्या बंगल्यावर फक्त बिजागऱ्या मारायच्या होत्या. तिथे बोर्ड घरात आणि गेट रस्त्याला, मध्ये पन्नासेक पावलं. हार्डवेअरच्या दुकानातून आणलेलं गुंडाळीचं एक्स्टेंशन लावलं आणि काम उरकलं. आता मागे वळून बघितलं की ढळढळीत दिसतं : घरी मारलेला एकही जोड सुटला नव्हता. सुटलं ते सगळं शेतात मारलेलं. मला तेव्हा ते दिसलं नाही. मी म्हटलं, मशीन भंगार आहे.

मग आईच्या बचत गटातून सात हजार उचलून २५० लिहिलेलं मशीन आणलं. ते त्याच बोर्डावर त्याच एक्स्टेंशनला लावलं तर रॉड आणखीच चिकटायला लागला. शेवटी मी ज्यांच्याकडे शिकायला जायचो त्या मिस्त्रींना घेऊन गेलो. दादांचा हात म्हणजे हात. तीस वर्षं तेलाच्या, म्हणजे आत तेल भरलेल्या जड ट्रान्सफॉर्मरच्या मशीनवर काढलेली. मला वाटलं आता दादा पेटवतील आणि मला म्हणतील, तुझाच हात कच्चा. त्यांनी रॉड टेकवला, चिकटला. परत टेकवला, परत चिकटला. तिसऱ्यांदा त्यांनी होल्डर खाली फेकला आणि म्हणाले, "आरं, हे मशीन हाय का खेळणं?"

तेव्हा दादांवर विश्वास ठेवून मी दोन्ही मशीनं विकायला काढली. इथे माझं एक मत सांगून टाकतो, कुणाला राग येईल तर येऊ दे. जुन्या मिस्त्रीकडून हात शिका, रॉडचा कोन शिका, टॅक, म्हणजे आधी पकडीपुरता मारायचा ठिपका, कुठे मारायचा ते शिका. पण यंत्राबद्दल त्यांनी दिलेला निकाल जसाच्या तसा घेऊ नका. त्यांनी जन्मभर ज्या मशीनवर काम केलं ते दोन माणसांनी उचलायचं, दुकानातल्या पक्क्या लाइनला कायमचं जोडलेलं. खांद्याला अडकवून पन्नास पावलं लांब न्यायच्या मशीनचं दुखणं वेगळं असतं, आणि ते त्यांनी कधी भोगलेलं नसतं.

दुखणं सापडलं ते माझ्या वायरमन मावसभावाला. तो गेटपाशी आला, आधी एक्स्टेंशनच्या गुंडाळीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसत होता. मग त्याने मशीनच्या पिनेपाशी मल्टिमीटर लावला आणि मला रॉड टेकवायला सांगितलं. नुसतं मशीन चालू असताना २१०. आर्क, म्हणजे रॉडच्या टोकाची वेल्डिंगची ज्योत, पेटला की १७०. चाळीस व्होल्ट वाटेतच गायब.

आता हा हिशेब नीट वाचा, कारण माझे सात हजार यातच बुडाले. त्या एक्स्टेंशनची वायर होती १ स्क्वेअर एमएमची. तांब्याच्या अशा वायरीचा रोध मीटरला साधारण ०.०१८ ओहम. लांबी ४५ मीटर, जाऊन-येऊन ९० मीटर, म्हणजे एक पूर्णांक सहा ओहम. छोटं मशीन ३.१५ एमएमच्या रॉडला लाइनमधून २० अँपिअर तरी सहज ओढतं. १.६ गुणिले २०, झाले ३२ व्होल्ट. उरलेले आठ बंगल्याच्या जुन्या वायरिंगने आणि ढिल्या सॉकेटने खाल्ले. चाळीस व्होल्ट गुणिले वीस अँपिअर म्हणजे आठशे वॅट. आठशे वॅटची शेगडी मी वाटेत पेटवून ठेवली होती आणि मशीनला शिव्या देत होतो. वरून वायर गुंडाळीतच ठेवलेली, म्हणजे उष्णता बाहेर जायलाही जागा नाही. अशीच गुंडाळी पेटते.

तेच अंतर ४ स्क्वेअरच्या वायरीने गेलं तर तेवढ्याच करंटला आठ-साडेआठ व्होल्ट पडतात. फरक एवढा आहे.

व्होल्टेज पडलं की स्वस्त मशीन सरळ बंद पडत नाही, तिथेच फसगत होते. ते रडतखडत चालतं. तुम्ही १२० लावता, पडद्यावर १२० दिसतं आणि रॉडच्या टोकाला त्यातलं किती पोहोचतं ते कुणालाच ठाऊक नसतं. पुष्कळ स्वस्त मशीनवर तो आकडा तुम्ही मागितलेला असतो, मिळालेला नसतो. ओळखायचं कसं? आवाजावरून. कढईत भजी सोडल्यासारखा सलग चरचराट असला तर ठीक. थांबत-थांबत फटफट झालं, वेल्डिंग दोरखंडासारखं उंच बसलं आणि दोन्ही कडांना अंगात न मुरता नुसतं टेकून राहिलं, की करंट कमी आहे. ग्राइंडर मारल्यावर हे सगळं झाकलं जातं. म्हणून ग्राइंडर मारायच्या आधी बघा.

त्यापेक्षा पक्की परीक्षा म्हणजे तुकडा मोडून बघणं. ६ एमएम पट्टीचे दोन तुकडे उलट्या टी-सारखे उभे-आडवे लावायचे, एकाच बाजूने वेल्ड करायचं, गार होऊ द्यायचं आणि ज्या बाजूला वेल्ड आहे तिकडे घणाने पाडायचं. उघडलेल्या कोपऱ्यात पट्टीची मूळ कड सरळ रेघेसारखी शाबूत दिसली तर मुळापर्यंत वितळलेलं नाही. ही परीक्षा घरी नाही, कामाच्या जागेवर करायची, त्याच बोर्डावर, त्याच वायरीवर. पाच मिनिटं जातात. मी अजूनही करतो आणि गिऱ्हाईक विचारतं, हे काय चाललंय. चालू दे.

अण्णांच्या बिजागऱ्या मी खरवडून, पापडा घासून, चांगल्या वायरीवर परत मारल्या. पैसे घेतले नाहीत, त्यांनी चहा पाजला. आणि ते कोणत्या मशीनवर? पहिल्याच साडेपाच हजारांच्या. सुदैवाने ते विकलं गेलं नव्हतं.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. मशीनसोबत जी केबल, होल्डर आणि अर्थचा क्लॅम्प येतो तो डब्यातली शोभा समजा. केबल बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते आणि पत्र्याचा क्लॅम्प आठवडाभरात सैल होतो. मी २५ स्क्वेअरची तांब्याची केबल, जड क्लॅम्प आणि बरा होल्डर घेतला तेव्हा त्यांनाच मशीनच्या जवळपास किंमत पडली. तो खर्च टाळू नका. अर्थला क्लॅम्पऐवजी सळी टेकवून वर दगड ठेवणारे महाभाग मी पाहिलेत. क्लॅम्प रंगावर, गंजावर लावू नका, जोडाच्या जवळ घासून लावा. आणि हा अर्थ म्हणजे घरातलं अर्थिंग नव्हे. मशीनच्या बॉडीचं अर्थिंग वेगळं, त्यासाठी एक्स्टेंशन तीन तारांचंच हवं. तिसरी तार कापून दोन पिनांची पिन लावणाऱ्याच्या हाताखाली काम करू नका, तो कितीही मोठा मिस्त्री असो.

आकडा टाकून वीज घेण्याबद्दल तर बोलतच नाही. चोरी आहेच, शिवाय तिथला सांधा इतका ढिला असतो की वर सांगितलेलं सगळं दुखणं दुप्पट होतं.

मशीनवर लिहिलेल्या २०० चं काय? त्याच्याशेजारी ड्यूटी सायकल लिहिलीय का बघा. ती १० मिनिटांच्या हिशेबात असते : २०० ला ३० टक्के म्हणजे दहांतली तीन मिनिटं पूर्ण करंट, सात मिनिटं विश्रांती. करंट उतरवला की वेळ वाढतो, आणि तो वर्गाच्या (करंट गुणिले करंट) हिशेबाने वाढतो. आकडा खरा असेल तर तेच मशीन ११० अँपिअरला जवळजवळ अखंड चालतं. ३.१५ चा ६०१३ नंबरचा, नेहमीच्या कामाचा रॉड ९० ते १३० मध्ये जळतो. मध्ये मळी (वेल्डवर जमलेला रॉडच्या लेपाचा थर) झाडायची, रॉड बदलायचा, ही विश्रांती होतेच. म्हणजे गेट, ग्रील, शेड या कामांना हे मशीन पुरून उरतं. घाबरू नका. ड्यूटी सायकल छापलीच नसेल तर मात्र २०० हा नुसता रंगवलेला आकडा समजा.

मशीन मरतं ते बहुधा ग्राइंडरच्या धुळीने. लोखंडाची भुकटी पंख्यातून आत जाते, सर्किटच्या प्लेटवर बसते आणि एक दिवस शॉर्ट. ग्राइंडिंग मशीनच्या तोंडावर करू नका आणि आठवड्याला ब्लोअर मारा, पिन काढून.

कुठे जमत नाही तेही ऐका. दिवसभर ४ चा रॉड, जाड प्लेट, ७०१८ नंबरच्या रॉडचे जोड, ज्यावर माणसाचा जीव टांगलेला आहे असं काम, हे या मशीनवर घेऊ नका. ७०१८ पेटायला आणि टिकायला मोकळं (आर्क पेटायच्या आधीचं) व्होल्टेज जास्त लागतं, आणि तो रॉड ओव्हनमध्ये भाजून कोरडा ठेवावा लागतो. उन्हात पाकीट वाळवून ते काम होत नाही. ॲल्युमिनियम तर विसराच, त्याला एसी टिगसारखं वेगळ्या जातीचं मशीन लागतं. ट्रॉलीचा हूक मी आजही उद्यमनगरातल्या मोठ्या मशीनवाल्याकडे कोल्हापूरला पाठवतो. कमीपणा वाटत नाही. पूर्वी वाटायचा.

एक तोटा मात्र कुणी सांगत नाही. कमी करंटवर वर्षभर काम केलं की हाताला वाईट वळण लागतं. आर्क अगदी घुसवून धरायचा, रॉड रेंगाळत न्यायचा. मी एका कारखान्यात उभ्या प्लेटच्या टेस्टला गेलो, तिथलं मशीन दणकट, सांगितलेला करंट खरोखर देणारं. पहिल्याच प्लेटला भोक पाडलं. दुसरी कशीबशी भरली, ती वाकवल्यावर मुळात चिरली. घरी येऊन दोन दिवस कुणाशी बोललो नाही. मग चांगल्या वायरीवर, मीटरशेजारी, रोज दोन तास उभ्या पट्ट्या मारल्या. तीन महिन्यांनी परत गेलो आणि पास झालो. तुमचंही असं झालं तर हात वाईट आहे असं लगेच ठरवू नका.

आणि शॉर्टकट? गॅप मोठी पडली की रॉडचे तुकडे आत कोंबून वरून लेप देतात, तो धंदा शिकवणारा मिळेल. नम्रपणे नाही म्हणा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप मारताना जस्त घासून काढा आणि धूर तोंडावर येतो अशा जागी मुळीच बसू नका. त्या धुराने रात्री थंडी वाजून ताप भरतो. वर दूध-गूळ घेतल्याने तो थांबत नाही. डोळ्याला वेल्डिंग लागल्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत बसण्यापेक्षा आधीच ११ नंबरची काच वापरा.

आता घ्यायचंच ठरलं असेल तर ऑनलाइनच्या पाचशे रुपयांच्या फरकाला भुलू नका. ज्या दुकानाच्या मागच्या खोलीत दुरुस्तीवाला बसतो तिथून घ्या. जाताना ३.१५ चे चार रॉड आणि पट्टीचे दोन तुकडे खिशात ठेवा, दुकानातच पेटवा, सलग तीन रॉड जाळा. दुकानदार कुरकुर करेल, करू दे. पेटवूच देत नसेल तर पुढचं दुकान. आणि परत येताना वायरवाल्याकडे थांबून ३० मीटर तीन कोरची ४ ची वायर घ्या. मशीनपेक्षा ती जड भरेल, गाडीवर मागे नीट बांधा.