लिनक्सवर नॅनो बोर्ड दिसत नाही? आधी हे तपासा

नागपूरच्या बर्डीवरून स्वस्तातला आर्डुइनो नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) आणला, उबंटूच्या डेस्कटॉपला जोडला आणि पोर्टच (संगणक बोर्डाशी ज्यातून बोलतो ती जोडणी) सापडत नसेल, तर बोर्ड परत करायला धावू नका. अशा बहुतेक बोर्डांवर सीएच३४० (CH340) ही यूएसबी-सिरियल चिप (बोर्डाला यूएसबीवरून संगणकाशी बोलू देणारी) असते आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच (गाभ्यातच) असतो. इंटरनेटवरून काहीही उतरवू नका.

पहिली शंका केबलवर घ्या. मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. बोर्डाचा दिवा लागतो, पण डेटा जात नाही. केबल ठीक असेल तर टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) चालवून शेवटच्या ओळी वाचा. पोर्ट जोडला गेला आणि लगेच सुटला, शेजारी 'बीआरएलटीटीवाय' (brltty) हे नाव दिसलं, तर दोष बोर्डाचा नाहीच. हा ब्रेल डिस्प्लेसाठीचा (अंध व्यक्तींना बोटांनी वाचता येणाऱ्या पडद्यासाठीचा) प्रोग्राम आहे. उबंटू २२.०४ मध्ये तो या चिपला ब्रेल यंत्र समजून पोर्ट अडवतो. घरात ब्रेल डिस्प्ले कुणी वापरत नसेल तरच तो 'सुडो एपीटी रिमूव्ह'ने (sudo apt remove brltty) काढा. वापरत असेल तर कृपया हात लावू नका, त्या व्यक्तीचा संगणकच मुका होईल.

पोर्ट दिसतो, पण अपलोड करताना परवानगी नाकारली जाते? मग तुमचं खातं 'डायलआउट' (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) गटात घाला: युजरमॉड या आज्ञेला छोटा ए आणि मोठा जी, दोन्ही द्या (sudo usermod -aG dialout आणि पुढे तुमचं युजरनेम). ए विसरलात तर खातं बाकीच्या गटांतून बाहेर पडतं, सुडोसुद्धा (अ‍ॅडमिनचे अधिकार) जातं. नंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.