महायुद्धकाळातील जॅझची श्रवणबैठक कशी भरवावी

दुसऱ्या महायुद्धातील जॅझ लोकांना ऐकवायचा असेल, तर गाजलेल्या रेकॉर्डी एकामागून एक लावून भागत नाही. ते संगीत कोणत्या टंचाईतून आणि कोणत्या बंधनांखाली वाजले, हेही श्रोत्यांपर्यंत पोहोचले पाहिजे. नागपुरात धंतोलीत किंवा महालात, पंचवीस-तीस माणसे बसतील एवढ्या जागेत अशी बैठक सहज होते. १९३९ ते १९४५ ही मर्यादा आखून घ्यावी आणि दहाच रेकॉर्डी निवडाव्यात, कारण त्या काळची दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे वाजत असली, तरी तिच्यामागची हकीकत सांगायलाही वेळ लागतो.

सुरुवात लाखेपासून करावी. जमल्यास गोंदिया-भंडाऱ्याकडची, लाख धरलेली पळसाची एखादी फांदी मागवून ती जुन्या तबकडीसोबत श्रोत्यांच्या हाती द्यावी. तबकड्यांसाठी लागणारी चपडी लाख जगाला मुख्यतः भारतातून मिळत असे. युद्धात ती लष्करी कामासाठी हवी झाली आणि समुद्रमार्गही असुरक्षित झाले, तेव्हा अमेरिकन सरकारने एप्रिल १९४२ मध्ये रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरावर कडक निर्बंध घातले.

यानंतर संपाकडे वळावे आणि येथे घाई करू नये. रेकॉर्डींच्या उत्पन्नात वादकांना वाटा मिळावा म्हणून अमेरिकेतील वादक संघटनेने १ ऑगस्ट १९४२ पासून ध्वनिमुद्रण थांबवले. गायक संघटनेबाहेर असल्यामुळे फ्रँक सिनात्राने १९४३ मध्ये केवळ गायकवृंदाच्या साथीने गाणी मुद्रित केली. त्यांपैकी एक लावून, एरवी वाद्यांनी भरली असती ती जागा माणसांचे गळे कसे भरून काढतात, याकडे लक्ष वेधावे. पाठोपाठ एक व्ही-डिस्क ऐकवावी. सैनिकांसाठी काढलेल्या या बारा इंची तबकड्यांना संघटनेने सवलत दिली होती, त्या लाखेऐवजी प्लास्टिकच्या होत्या आणि सहा मिनिटांपर्यंत वाजत असल्याने वादकाला मोकळेपणाने खुलता येत असे. १५ डिसेंबर १९४४ रोजी विमानासह बेपत्ता झालेला अमेरिकन वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलर येथे हवाच, पण सारी बैठक त्याच्यावर बेतणे मला अन्यायाचे वाटते. सैन्यातही काळ्या आणि गोऱ्या सैनिकांच्या तुकड्या वेगळ्या असताना काळा वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन याने २३ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये आपल्या समाजाचा इतिहास स्वरांत मांडला, आणि त्यातील एखादा भाग ऐकवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

जर्मनीचा भाग ऐकवण्याआधी दोन वाक्ये अवश्य बोलावीत. जॅझला हीन ठरवणाऱ्या नाझी राजवटीनेच ‘चार्ली अँड हिज ऑर्केस्ट्रा’ या वाद्यवृंदाकडून परिचित चालींवर चर्चिलची निंदा करणारी इंग्रजी गाणी गाऊन घेतली, तर तेरेझिनच्या नाझी छावणीत ‘घेट्टो स्विंगर्स’ या वृंदात ज्यू कैदी जॅझ वाजवत होते, आणि त्यांच्यापैकी अनेकांना १९४४ मध्ये आउशवित्झच्या मृत्युछावणीत पाठवण्यात आले.

शेवटी भारतात यावे. कलकत्त्यात वाजवणारा अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफर्ड १९४५ मध्ये तेथेच पटकीने वारला. त्याने तेथे केलेली ध्वनिमुद्रणे ऐकण्याजोगी आहेत. मुंबईचा गोमंतकीय ट्रंपेटवादक चिक चॉकलेट पुढे संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर ‘अलबेला’ या चित्रपटात वाजवू लागला. हे रामचंद्र चितळकर नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणे शिकले होते, म्हणून १९५१ चा असूनही या चित्रपटातील एका गाण्यासाठी आखलेली मर्यादा खुशाल ओलांडावी.

श्रोत्यांपैकी कोणी घरची जुनी तबकडी आणली, तर ती मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसावी. स्पिरिट मुळीच लावू नये, कारण त्यात लाख विरघळते. एलपीची, म्हणजे नंतरच्या जास्त वेळ वाजणाऱ्या रेकॉर्डीची, बारीक सुई या तबकडीच्या रुंद खाचेत नीट बसत नाही, म्हणून मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या जुन्या रेकॉर्डींसाठीची जाड सुई आधीच मिळवून ठेवावी.