व्हीलचेअरवरच्या मुलाला पेंचच्या जंगलात नेताना

पेंच असो वा ताडोबा, या राष्ट्रीय उद्यानांतल्या सफारीत पर्यटकांना पायी भटकता येत नाही. सगळेच जिप्सी या उघड्या जीपमधून किंवा कँटर या मोठ्या उघड्या गाडीतून फिरतात आणि वाटेत कोणालाही खाली उतरू दिले जात नाही. त्यामुळे जंगलवाटेवर व्हीलचेअर चालेल का, ही पालकांची पहिली शंका येथे बरीचशी गैरलागू ठरते. मूल जिप्सीत चढेल कसे आणि तीन-चार तास सुखाने बसेल कसे, याचा विचार मात्र घरूनच करून निघावे लागते.

पहिल्या सहलीसाठी नागपूरकरांनी पेंचचे सिल्लारी प्रवेशद्वार निवडावे, असे माझे मत आहे. जबलपूर महामार्गाने गेल्यास हे अंतर सुमारे ७० किलोमीटर भरते, म्हणजे मूल जंगलात शिरण्याआधीच थकून जात नाही. व्याघ्र प्रकल्पाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, बंद असते आणि साप्ताहिक सुटीचा वारही ठरलेला असतो. आरक्षण करतानाच दोन्ही पाहून घ्यावे. शक्य असल्यास संपूर्ण जिप्सी आरक्षित करावी, कारण अनोळखी सहप्रवाशांसोबत असताना गाडी थांबवून मुलाची बैठक बदलायला आपल्यालाच संकोच वाटतो.

जिप्सीची पायरी उंच असते आणि आत शिरायची जागा अरुंद. दोन मोठ्या माणसांनी मिळून उचलणे हाच सुरक्षित मार्ग आहे. उंच व्यक्तीने मुलाच्या पाठीमागे राहून त्याच्या काखेखालून हात घालावेत आणि छातीवर घडी घातलेले त्याचे हात मनगटाच्या वर धरावेत. दुसऱ्या व्यक्तीने मांड्यांखाली आधार द्यावा. आणि उचलण्याआधी व्हीलचेअरचे ब्रेक लावून पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला कराव्यात. ‘आता उचलतोय’ असे मुलाला सांगून, एक-दोन-तीन म्हणूनच उचलावे. याचा सराव घराजवळ उभ्या असलेल्या एखाद्या जीपवर आधी करून पाहावा. चालकाला गाडी ओट्याला किंवा उंचवट्याला लागून उभी करायला सांगितले, तर उचलण्याची उंची बरीच कमी होते.

आत बसवताना मागची रांग टाळावी. चाकांच्या वरच्या त्या बाकावर धक्के सर्वाधिक बसतात, मधल्या रांगेत ते कमी जाणवतात. व्हीलचेअरवरची गादी काढून तीच बाकावर ठेवावी आणि छातीला आधार देणारा पट्टा, तो मुलाला सवयीचा असेल तर, सोबत न्यावा. ज्या मुलांना कमरेखाली संवेदना नसते, त्यांच्याबाबत अधिक सावध राहायला हवे: उन्हात तापलेल्या पत्र्याला पाय लागला तरी त्यांना कळत नाही, म्हणून मोजे-बूट काढू नयेत. दर अर्ध्या तासाने वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर घ्यावे आणि मुक्कामी पोहोचल्यावर माकडहाड, नितंब व टाचा पाहाव्यात. दाब काढल्यावर अर्ध्या तासानेही लाली ओसरली नाही, तर त्या जागेवर पुन्हा भार देऊ नये आणि डॉक्टरांना दाखवावे.

मज्जारज्जूला इजा असलेल्या मुलांना इजेच्या पातळीखाली नीट घाम येत नाही, त्यामुळे शरीर तापते आणि लवकर थंड होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत अशा मुलांना नेऊच नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला, मात्र पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी बोचते आणि पाय झाकायला जाड पांघरूण लागते. नळीने लघवी काढावी लागत असेल, तर प्रवेशद्वारावरच ते उरकून घ्यावे, कारण पुढे तशी सोय मिळेलच असे नाही. फिट येत असल्यास तातडीचे औषध हाताशी असावे.

वाघ दिसेलच असे नाही, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे आणि जंगलातले आवाज ऐकायला शिकवावे. वाघ किंवा बिबट्या जवळपास असला की चितळ एकाच तीक्ष्ण स्वरात पुन्हा पुन्हा ओरडते, झाडावरचे वानर खाकरल्यासारखा आवाज काढते, आणि गाइड हळूच ‘कॉल आला’ म्हणतो. त्या क्षणी जिप्सीतले सगळेच कान टवकारून बसलेले असतात आणि कोण चालू शकते, कोण नाही, याला काहीच अर्थ उरत नाही. मला ही सहल एवढ्यासाठीच मोलाची वाटते.

चाके जमिनीवर फिरवण्याची हौस असेल, तर शहरातच अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात जावे. मुरमाच्या वाटेवर पुढची छोटी चाके रुततात. अशा वेळी खुर्ची मागे कलवून मोठ्या चाकांवर न्यावी किंवा सरळ उलटी ओढावी. मुलाचा पट्टा मात्र आधी बांधलेला असावा.

पेंचचा महाराष्ट्रातील भाग जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’, म्हणजे कृत्रिम उजेडापासून रात्रीचे आकाश जपलेले ठिकाण, ठरला. आकाशदर्शनाला पायऱ्या चढून जावे लागते का आणि दुर्बीण बसलेल्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला आणता येते का, हे निघण्याआधी विचारून घ्यावे.

परत आल्यावर वनविभागाला पत्र लिहावे. ‘गैरसोय झाली’ एवढे न लिहिता कोणती पायरी किती सेंटीमीटर उंच आहे, स्वच्छतागृहाचे दार किती रुंद आहे, हे मोजून कळवावे. व्हीलचेअरच्या उतारासाठीच्या १:१२ (एक भाग उंचीला बारा भाग लांबी) या प्रमाणानुसार ३० सेंटीमीटरच्या चढाला ३.६ मीटर लांबीचा उतार लागतो, हा हिशेबही सोबत द्यावा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन व मनोरंजनातील सहभागाची तरतूद आहे. पत्रात तिचा उल्लेख जरूर करावा.